चित्र कुणाचे, भिंत कुणाची

(चंद्रपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची पिढी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवण्यात खपली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन एवढे शिकवले की शाळेचे समाधान होई. चित्र कसे काढायचे हे त्यांनी हजारो मुलांना शिकवले. चित्र कोणासाठी काढले जाते, कोणाच्या भिंतीवर लागते आणि कोणाला ते खाली उतरवावेसे वाटते, हे प्रश्न मात्र त्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हते. आज मी ज्या अभ्यासकाच्या कारकिर्दीबद्दल बोलणार आहे, त्यांनी आयुष्यभर हेच प्रश्न विचारले. त्या म्हणजे गीता कपूर. त्यांचे लेखन इंग्रजीत आहे आणि ते सोपे नाही. तरी चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांना त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि काही बाबतींत त्यांच्या पुढे जाण्यासारखेही आहे, असे मला वाटते.

त्यांचे काम समजण्यासाठी अवाँ-गार्द कला म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात काही कलावंतांनी नुसती शैली बदलली नाही, तर कला ठरवणाऱ्या संस्थांनाच डिवचले. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ याने दुकानातून आणलेले मुतारीचे भांडे ‘फाउंटन’ या नावाने प्रदर्शनाला पाठवले. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी ते मांडायचे नाकारले, आणि नाकारताच त्यांची पंचाईत झाली; कारण कला कोण ठरवते, हा प्रश्न उघड्यावर आला. पुढे १९७४ साली पीटर ब्यूर्गर या जर्मन अभ्यासकाने सिद्धान्त मांडला, की अवाँ-गार्दचा खरा हल्ला कला नावाच्या संस्थेवर होता. हा सिद्धान्त युरोपातल्या कलासंग्रहालयांना आणि तिथल्या भांडवलदारांना नजरेसमोर ठेवून घडला होता. ज्या देशात अशा संस्था नुकत्याच उभ्या राहत होत्या, तिथे तो कसा लावायचा? गीता कपूर यांच्या कामाची सुरुवात या अडचणीतून होते.

आपल्याकडे एक मोठी ठिणगी १९४७ साली मुंबईत पडली. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा गोव्याचा, त्याला राजकीय कारणावरून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेले, आणि त्या काळात तो कम्युनिस्ट पक्षात होता. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या सहांपैकी दोघे मुंबईला पोचले ते आपल्या बाजूने. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. १९३९ ते १९४३ तो नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. म्हणजे मुंबईच्या या बंडाची एक मुळी नागपुरात होती. पण कलेच्या इतिहासात नागपूर एका ओळीत येते आणि जाते.

या गटाचे राजकारण फार टिकले नाही. जनतेपर्यंत जाणारी कला हवी, या भावनेने सुरुवात झाली. १९४९ साली प्रदर्शन भरले तेव्हा सूझानेच लिहून टाकले, की जनता आणि कलावंत यांच्यातली दरी बुजत नाही, आता आम्ही पूर्ण मोकळेपणाने रंगवणार. सूझा त्याच वर्षी लंडनला गेला, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. या सहांची चरित्रे नंतर अनेकांनी लिहिली. पण दोन वर्षांत ही माणसे राजकारणाकडून निखळ रंगाकडे का वळली, आणि नव्या राष्ट्राला त्यांचे हे वळण सोयीचे का ठरले, हा इतिहासकाराचा प्रश्न आहे. शैलीचे वर्णन करून त्याचे उत्तर मिळत नाही.

गीता कपूर यांचा जन्म १९४३चा. शिक्षण न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये झाले. परत आल्यावर त्यांनी विद्यापीठातली कायमची प्राध्यापकी धरली नाही. त्यांची अभ्यासकीय कारकीर्द घडली ती लहान मासिकांतून, प्रदर्शनांच्या पुस्तिकांतून, व्याख्यानांतून आणि मधूनमधून मिळालेल्या सिमला, दिल्ली, केंब्रिज इथल्या फेलोशिपमधून. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर बडोद्याहून ‘वृश्चिक’ नावाचे छोटे नियतकालिक काढत. देशीपणाच्या शोधावरचा गीता कपूर यांचा दीर्घ निबंध सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे क्रमशः आला. मराठीत ज्या काळात लघुनियतकालिके प्रस्थापितांशी भांडत होती, त्याच काळात बडोद्यातही अशाच कागदावर भांडण चालले होते. १९७८ साली त्यांचे ‘कंटेम्पररी इंडियन आर्टिस्ट्स’ हे पुस्तक आले. अकबर पदमसी, सूझा, हुसेन, राम कुमार, स्वामीनाथन आणि खक्कर या सहा चित्रकारांची त्यात बारकाईने तपासणी आहे. वयाच्या पस्तिशीत त्यांनी नावाजलेल्या माणसांना सरळ प्रश्न विचारले.

१९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई-दिल्लीत झाले. जोगेन चौधरी, खक्कर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, शेख आणि विवान सुंदरम यांची चित्रे त्यात होती. प्रदर्शनाबरोबरचा निबंध गीता कपूर यांचा होता. त्या काळात अमूर्त चित्र पुढारलेले आणि माणसाचे चित्र मागासलेले, अशी एक समजूत रुळली होती. या सहा जणांनी माणूस, त्याची वस्ती, त्याची गोष्ट पुन्हा कॅनव्हासवर आणली. पटवर्धन तुमच्या-आमच्यातले. पुण्यात वैद्यकी शिकलेले, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले, मार्क्सवाद वाचून चित्रकलेकडे आलेले. इराण्याच्या हॉटेलात बसलेला, लोकलच्या गर्दीत उभा असलेला कामगार त्यांच्या चित्रांत भरदार देह घेऊन येतो. तो दयेसाठी हात पसरत नाही. पुढे याच पटवर्धनांनी २००८-०९मध्ये समकालीन भारतीय चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवले आणि ते विदर्भातही आणले. चित्र मुंबईच्या गॅलरीबाहेर नेणे हेही राजकारणच असते. पटवर्धनांनी ते गाजावाजा न करता केले.

गीता कपूर यांच्या लेखनातला मराठी माणसाला सर्वांत जवळचा भाग म्हणजे ‘संत तुकाराम’ या चित्रपटावरचा निबंध. प्रभातचा हा बोलपट १९३६चा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. आधुनिक कलेवरच्या त्यांच्या पुस्तकात या चित्रपटाला जागा का? कारण पागनीसांचा तुकाराम पडद्यावर बहुधा आपल्याकडे तोंड करून उभा असतो. देवळातल्या मूर्तीसमोर उभे राहावे तसा प्रेक्षक त्याच्यासमोर बसतो. पण त्याच चौकटीत जिजाईचा संसार, कर्ज, भूक आणि गावातली भांडणे अगदी रोजच्या वास्तवासारखी येतात. श्रद्धा आणि वास्तव एकाच चौकटीत नांदतात, आणि त्या नांदण्यातून एक वेगळी आधुनिकता तयार होते. ती पॅरिसहून आणलेली नव्हती. हे लक्षात आले, की आधुनिक कलेचा नकाशा बदलावा लागतो.

या चित्रपटामागची परंपराही बघा. दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. बाबुराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव संगीत नाटकांचे पडदे रंगवण्यासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे नाटकाचा रंगवलेला पडदा, मग मूकपट, मग बोलपट, आणि शेवटी आंतरराष्ट्रीय कलाचर्चा, अशी ही साखळी आहे. तिची पहिली कडी रंगाऱ्याच्या हातातली होती, हे लक्षात असू द्या. पुढे त्याकडे परत यायचे आहे.

आता पुन्हा गीता कपूर यांच्या कारकिर्दीकडे. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळच्या साहिबाबादला झंडापूर इथे पथनाट्य चालू असताना रंगकर्मी सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यानंतर कलावंतांनी ‘सहमत’ ही संस्था उभी केली. गीता कपूर तिच्याशी जोडल्या गेल्या. पुढे १९९२-९३च्या दंगलींनी मुंबई पेटवली. विवान सुंदरम यांनी १९९३ साली ‘मेमोरियल’ नावाची मांडणी केली. दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका अनोळखी माणसाचे वर्तमानपत्रातले छायाचित्र तिच्या केंद्रस्थानी होते. ज्याला कोणी ओळखले नाही, त्याला स्मारक मिळाले. २००१ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनातला मुंबईचा विभाग गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी मांडला. त्याचा काळ १९९२ ते २००१ असा धरला होता. शहराची ओळख त्यांनी दंगलीपासून सुरू केली, यातच भूमिका आली.

२००० साली ‘व्हेन वॉज मॉडर्निझम’ हा निबंधसंग्रह आला. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे सार असे: एखादी कला क्रांतिकारक आहे की नाही, याचा निवाडा शैलीवरून करता येत नाही. ती आपल्या काळातल्या कोणत्या सत्तेच्या वाटेत उभी राहिली, हे पाहावे लागते. म्हणून पॅरिसची तारीख सगळ्या जगाला लागू होत नाही. ज्या दिवशी एखाद्या समाजातली ‘हेच आमचे राष्ट्र, हीच आमची संस्कृती’ ही जुळवाजुळव तडकते, त्या दिवशी तिथली अवाँ-गार्द कला सुरू होते. भारतात ती त्यांना नव्वदच्या दशकात दिसली.

इथवर मी त्यांच्या बाजूने बोललो. आता जिथे माझे मन अडते, तेही सांगतो. त्यांचा भारत बहुतेक वेळा दिल्ली, मुंबई आणि बडोदा या तीन शहरांतून फिरतो. वर्ग आणि धर्म यांवर त्यांची पकड जितकी आहे, तितकी जातीचा प्रश्न केंद्रस्थानी आणण्यात दिसत नाही, असे माझे मत आहे. आणि सत्तेच्या वाटेत उभी राहिलेली कला हीच कसोटी मानायची, तर या चंद्रपुरात १९५६ सालीच काहीतरी मोठे घडले होते. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी इथे, चंद्रपुरात, लोकांना दीक्षा दिली. त्या दिवसानंतर घराघरांतल्या भिंतीवरचे देव बदलले. बुद्ध आला, बाबासाहेब आले, निळा रंग आला. कॅलेंडरे, तसबिरी, चौकातले पुतळे यांची एक नवी दृश्यभाषा लाखो लोकांनी मिळून घडवली. ‘कला नावाच्या संस्थेवर हल्ला’ याहून मोठा कुठे झाला असेल?

ही गोष्ट गांभीर्याने घेणारा एक कलाइतिहासकार अमेरिकेचा निघाला. गॅरी टार्टाकोव्ह हे आधी ऐहोळेच्या दुर्ग मंदिराचे अभ्यासक. दगडी देवळांवर काम करणाऱ्या या माणसाने पुढे नवबौद्धांच्या प्रतिमांवर लिहिले आणि २०१२ साली दलित कला व दृश्यप्रतिमांवरचा एक ग्रंथ संपादित केला. त्यांच्या अभ्यासात नागपूरचे चित्रकार सवी सावरकर येतात. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस सावरकरांच्या चित्रांत कोणाच्याही करुणेचा विषय होत नाही. तो रागाने आपल्याकडे बघतो. अवाँ-गार्दचा इतिहास लिहिताना हे नाव गाळून चालणार नाही.

आता जंगलाकडे वळू. रझाचे वडील वनखात्यात होते. मंडल्याच्या जंगलातली रात्रीची भीती आणि तिथे दिलासा देणारे गोंडांचे नाच, या आठवणी रझाने पॅरिसमधूनही पुन्हा पुन्हा सांगितल्या. त्याच्या काळ्या बिंदूत ते जंगल आहे, असे अनेक जण म्हणतात. मला प्रश्न पडतो तो दुसरा. वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या मुलाला त्या नाचाची आठवण राहिली. नाचणाऱ्याला वनखात्याची कोणती आठवण राहिली असेल? राखीव जंगलाच्या कायद्याने ज्यांचे सरपण, मोहफूल, बांबू गुन्हा ठरवले, त्यांच्या नजरेतून त्या जंगलाचे चित्र कसे दिसते?

याचे उत्तर थोडेफार मिळाले ते त्याच मुलखातून. १९८२ साली भोपाळला भारत भवन उघडले. तिथल्या कलादालनाचे प्रमुख जगदीश स्वामीनाथन कधीकाळचे कम्युनिस्ट कार्यकर्ते, नंतर चित्रकार. शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार एकाच छताखाली, समान पातळीवर मांडायचे, असा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या माणसांना पाटणगढ गावात जनगढसिंह श्याम हा तरुण परधान गोंड सापडला. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात होती. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्याने आत्महत्या केली. त्याच्या शैलीला आज ‘गोंड चित्रकला’ म्हणतात आणि ती बाजारात भरपूर विकली जाते. समान पातळीवर मांडण्याचा हट्ट योग्यच होता. पण भिंत समान झाली म्हणून करारपत्र, पगार, परतीचे तिकीट या गोष्टी समान होत नाहीत. कलेचा इतिहास लिहिणाऱ्याने चित्राबरोबर करारही वाचला पाहिजे, हा धडा मी जनगढच्या मृत्यूवरून घेतो.

मग चंद्रपूर-गडचिरोलीत कलेच्या इतिहासाचे काम काय आहे? आपल्याकडे कला म्हटले की मार्कंडा. वैनगंगेकाठची ती देवळे अलेक्झांडर कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात नोंदली, आणि तेव्हापासून ‘विदर्भाचे खजुराहो’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मार्कंड्याला अभ्यासक मिळत राहतील. मी आज दोन वेगळ्या कामांकडे बोट दाखवतो.

पहिले काम झाडीपट्टी रंगभूमीचे. दिवाळीच्या मंडईपासून होळीपर्यंत वडशाच्या मंडळांची नाटके गावोगाव रात्रभर चालतात. कुरखेडा तालुक्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईला या रंगभूमीची पुन्हा आठवण झाली. नटांवर, लेखकांवर, झाडीबोलीवर थोडेबहुत लिहिले गेले आहे. पण त्या रंगमंचामागे जे महाल, बगिचे, वाडे आणि रस्ते उभे असतात, ते कोणी रंगवले? कोल्हापूरचा पडदा रंगवणारा बाबुराव पेंटर म्हणून इतिहासात गेला. वडशाचा रंगारी कुठे आहे? फ्लेक्सच्या छपाईने हाताने रंगवणाऱ्यांचे काम सगळीकडे कमी केले आहे, तेव्हा ही विचारणा आजच व्हायला हवी. मालक कोण, मोबदला किती, पडदा किती गावे फिरला, राजाच्या महालाच्या जागी सरपंचाचा बंगला कधी आला, हे लिहिले की झाडीपट्टीचे राजकारण आपोआप उलगडेल.

दुसरे काम नाजूक आहे, आणि मी ते मुद्दाम या सभेत बोलतो. ते स्मारकांचे आहे. दक्षिण गडचिरोलीत माडिया समाज आपल्या मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतो. ही परंपरा फार जुनी आहे आणि ती अजून चालू आहे. त्याच जंगलातल्या वाटांवर माओवाद्यांनी आपल्या मारल्या गेलेल्या माणसांची लाल स्मारके बांधली आणि पोलिसांनी ती पाडली. पोलिसांनी आपल्या हुतात्मा जवानांचे स्मारक गडचिरोलीत उभारले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या वीर बाबुराव शेडमाकेंचे पुतळे आहेत, त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. त्या चेहऱ्याला आधार कोणता, तो कोणत्या चित्रकाराने कधी ठरवला, हा कलेच्या इतिहासाचा प्रश्न आहे. आणि दोन बंदुकांच्या मध्ये सापडून मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचे काय? त्यांचे दगड कुठे आहेत, किती आहेत, त्यांवर नाव आहे का?

कोणी म्हणेल, हा कलेचा विषय नव्हे, हा पोलिसांचा किंवा राजकारण्यांचा विषय आहे. मी म्हणतो, स्मारकाचा आकार, रंग, जागा, उंची आणि ते पाडण्याचा दिवस या सगळ्या दृश्यकलेच्याच नोंदी आहेत. मुंबईतल्या एका अनोळखी मृतदेहाभोवती सुंदरम यांनी स्मारक रचले, तेव्हा त्याला अवाँ-गार्द म्हणून जगभर जागा मिळाली. भामरागडच्या गावकऱ्याने आपल्या माणसासाठी उभा केलेला दगड त्याच इतिहासाच्या पानावर बसतो, असे मी मानतो. नोंद करणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. उलट नोंद नसली, की ज्याच्या हातात बळ त्याचेच स्मारक उरते.

हे काम बाहेरच्या माणसाने येऊन, छायाचित्रे काढून, पुस्तक छापून निघून जाण्याचे नाही. पन्नास वर्षांपूर्वी वारली चित्रकला अशीच गॅलरीत पोचली. जिव्या सोमा मशे यांचे नाव झाले हे चांगले झाले, पण किती जणांची चित्रे नावाशिवाय विकली गेली? मेंढा-लेखासारख्या गावांनी गडचिरोली जिल्ह्याला एक रीत शिकवली आहे: गावाशी संबंधित निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या संमतीने. जंगलातल्या बांबूला जी रीत, तीच गावातल्या प्रतिमेलाही लावू. आधी ग्रामसभेची परवानगी, नोंदीत करणाऱ्याचे नाव, आणि नोंदीची एक प्रत गावात.

यासाठी मोठा निधी लागत नाही. २०११पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या शाळांतून चित्रकला शिक्षक आहेत, त्यांना रेषा कळते आणि गावची माणसे त्यांना ओळखतात. गीता कपूर यांनी विद्यापीठातल्या कायमच्या पदाशिवाय, लहान मासिकांच्या आधारावर देशाच्या कलाविचाराला वळण लावले. तेव्हा पद नाही, अनुदान नाही ही सबब आपल्याला चालणार नाही. मराठीत सुहास बहुळकर, दीपक घारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दृश्यकलेचा कोश करून दाखवला. त्याला या जंगलपट्ट्याची पुरवणी जोडणे हे आपले काम आहे.

म्हणून माझी विनंती शिक्षकांनाच आहे. येत्या हंगामात वडशाच्या एखाद्या मंडळाने जुना पडदा काढून टाकायचे ठरवले, तर तिथे जा. तो कोणी, कधी, किती पैशांत रंगवला ते विचारा. नाव कळले की वहीत लिहा, आणि वही पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेला घेऊन या. त्या वेळी व्याख्याता बाहेरून बोलावण्याची गरज पडू नये.